माझ्या पेटंटच्या आडवं आलं माझंच पोस्टर

पेटंट अर्ज तपासणाऱ्या एक्झामिनरने माझ्या अर्जाविरुद्ध जोडलेल्या कागदांत वर माझंच नाव होतं आणि खाली मीच काढलेली झडपेची आकृती. ते पान आठवलं की अजून कानशिलं तापतात.

झालं असं. परिषद तोंडावर होती. मार्गदर्शक म्हणाले, ‘दोन पानांचं प्रोव्हिजनल टाकून दे, तारीख मिळाली की तू मोकळा.’ प्रोव्हिजनल म्हणजे पूर्ण अर्जाआधीचा, तारीख राखून ठेवणारा तात्पुरता अर्ज. मी टाकलं. ‘लवचीक पडद्याची झडप’, एक ढोबळ आकृती, बस्स. दोन आठवड्यांनी पोस्टर लावलं. त्यात मात्र सगळंच होतं: पडद्याच्या कडेच्या तिरप्या खाचा आणि अडकलेली हवा त्यांतून कशी निघून जाते तेही. लोकांनी फोटो काढले, मीही खुशीत. अकराव्या महिन्यात पूर्ण अर्ज भरला, क्लेम, म्हणजे हक्काचा दावा, केला खाचांवर.

इथे थांबून वाचा. प्रायॉरिटी डेट (तिच्याआधी जाहीर झालेलं सगळं अर्जाविरुद्ध धरतात) मिळते ती प्रोव्हिजनलमध्ये प्रत्यक्ष लिहिलेल्या मजकुराला. 12 महिन्यांच्या मुदतीत पूर्ण अर्ज भरला म्हणून नंतर सुचलेलं किंवा लिहायचं राहिलेलं मागच्या तारखेत जाऊन बसत नाही. माझ्या दोन पानांत खाचा नव्हत्याच. म्हणजे त्यांची तारीख अकराव्या महिन्यातली आणि पोस्टर त्याच्या कितीतरी आधीचं. युरोपात तो क्लेम गेला. अमेरिकेत शोधकाने स्वतः उघड केलेल्या माहितीला 1 वर्षाची सवलत असते, म्हणून तिथे वाचलो. या सवलतीच्या भरवशावर मात्र राहू नका. आणि उरलेला ‘लवचीक पडदा’ जुन्या पेटंटांत ढिगाने सापडतो.

तेव्हा प्रोव्हिजनल हाच शेवटचा अर्ज समजून लिहा. हाताने काढलेल्या आकृत्या चालतील, पण सगळ्या हव्यात. खाचा सरळ ठेवल्या तर? रबराऐवजी सिलिकॉन? असे प्रश्न शेजारच्या टेबलावरच्याला विचारायला लावा आणि उत्तरं आत घाला. जो पेटंट एजंट असं काहीच न विचारता मसुदा पाठवतो, त्याच्या वाटेला जाऊ नका. कमी फीचा मोह मलाही झाला होता.

जुनी पेटंटं शोधताना आपल्याच शब्दांत अडकू नका. पेटंटात झडपेला झडप म्हणतीलच असं नाही. एस्पेसनेट या पेटंट शोधायच्या साइटवर एफ 16 के हा झडपांचा वर्ग उघडून एकेक आकृती बघत गेलो, तेव्हा कुठे डोळे उघडले.

पेटंट घेण्यासारखं आहे का? नक्कल झाली तर तुम्हाला कळेल का, एवढं आधी बघा. माझ्या खाचा झडप उघडली की दिसतात. बंद कारखान्यातलं भट्टीचं तापमान कोण बघणार? ते गुपितच ठेवलेलं बरं, कारण अर्ज साधारण 18 महिन्यांनी प्रसिद्ध होतो. मार्गदर्शकांना नुसता पेटंटांचा आकडा वाढवायचा असतो, हे माझं कडवट मत.

क्लेममध्ये मी ‘चार तिरप्या खाचा’ लिहिलं होतं. एजंटबाईंनी ‘चार’ खोडलं. तीन खाचा पाडून कुणीही निसटला असता.

एक्झामिनरच्या पहिल्या अहवालात बहुधा सगळे क्लेम नाकारले जातील. घाबरू नका, ते रोजचंच आहे. मी दोन रात्री झोपलो नव्हतो, उगाच.

आता पोस्टर छापायला देण्याआधी ते प्रोव्हिजनलशेजारी ठेवून एकेक भाग पेन्सिलीने टिपतो. मागच्या खेपेला एक चकती राहिली होती. तिच्यासाठी आदल्या रात्री दुसरं प्रोव्हिजनल भरलं.