परदेशातल्या नव्या चर्चचं समर्पण : तयारीची यादी

कॅथलिक चर्चच्या समर्पणाची तारीख ठरवण्याआधी त्या धर्मप्रांताच्या बिशपांच्या कार्यालयाला विचारा. विधी शक्यतो रविवारी होतो, पण पवित्र आठवडा, पेंटेकॉस्ट, नाताळ, राखेचा बुधवार आणि २ नोव्हेंबर हे दिवस चालत नाहीत. इमारत वापराचा परवाना हातात आल्याशिवाय पत्रिका छापायला टाकू नका. मायदेशातून धर्मगुरू येणार असतील तर व्हिसाच्या कागदांबरोबर त्यांच्या बिशपांनी त्यांना दिलेलं ओळखपत्रही मागवून ठेवा. ते नसेल तर त्यांना मिस्सेला (कॅथलिक प्रार्थनाविधीला) वेदीवर उभं राहू देताना अडचण येऊ शकते. चर्चचं नाव फलकावर कोरण्यापूर्वी स्पेलिंगसकट लेखी पक्कं करा, समर्पणानंतर ते बदलता येत नाही.

संताचे पवित्र अवशेष ठेवायचे असतील तर प्रमाणपत्र सोबत हवं आणि पेटीचं सील विमानतळावरही तुटता कामा नये. अवशेष वेदीच्या खाली जातात. तिथली पोकळी आणि तिचं झाकण आधी मोजून घ्या, आणि सिमेंट कालवणारा गवंडी त्या दिवशी हजर ठेवा. झाकण ऐनवेळी बसलं नाही तर त्या वेळी गायचं स्तोत्र संपतं आणि सगळी मंडळी ताटकळत उभी राहतात.

सजावट करणाऱ्यांना मात्र आवर घाला. वेदी सुरुवातीला पूर्ण उघडी असते : कापड नाही, मेणबत्ती नाही, फुलं नाहीत. हौसेनं आदल्या रात्री घातलेली झालर सकाळी घाईनं ओढून काढावी लागते. भिंतींवर १२ किंवा ४ क्रूस आणि प्रत्येकाखाली एक मेणबत्ती लावून ठेवा, पण ती पेटवायची अभिषेकानंतरच.

क्रिस्म, म्हणजे अभिषेकाचं पवित्र तेल, बिशपांकडून येतं. वेदीच्या मध्यावर आणि चार कोपऱ्यांवर ते ओततात, नंतर सगळ्या पृष्ठभागावर पसरवतात. म्हणून लहान कुपी पुरत नाही, पाव लिटर तरी हवं. दगड सच्छिद्र असेल तर तेलाचा डाग कायमचा राहतो, त्यामुळे सीलर आठवडाभर आधी मारून वाळू द्या. पुसायला जुने सुती टॉवेल ठेवा, कागदी रुमालाचे तुकडे दगडाला चिकटतात. बिशपांचे हात धुवायला साबण, लिंबू आणि कोमट पाणी.

मग वेदीवर धुपाटणं येतं. त्याच्या तळाशी जाड उष्णतारोधक पाट नसेल तर संगमरवराला तडा जाऊ शकतो. कोळसा १५ मिनिटं आधी पेटवा. आपोआप पेट घेणारा कोळसा विमानानं नेता येत नाही, तो तिथेच विकत घ्या. सर्वात जास्त विसरलं जातं ते आगीच्या धोक्याची सूचना देणारं यंत्र : धुरानं ते वाजलं की इमारत रिकामी करावी लागते. व्यवस्थापनाकडून ते तेवढ्या वेळापुरतं बंद करून घ्या, त्या वेळात लक्ष ठेवायला एक माणूस नेमा आणि नंतर ते पुन्हा चालू झालं की नाही ते स्वतः पाहा.

धूप झाल्यावर वेदी पुसायची, मेणकापड अंथरायचं, त्यावर पांढरं कापड, मग फुलं आणि मेणबत्त्या. चौघांनी हे एकदा रंगीत तालमीत करून पाहावं. विधीची पुस्तिका तिथली आणि आपली अशा दोन्ही भाषांत हवी, वाचनं कोणत्या भाषेत होणार ते बिशपांशी ठरवा. समर्पणाच्या दस्तऐवजाच्या दोन प्रती काढायच्या : एक धर्मप्रांताच्या कार्यालयात, दुसरी चर्चच्या दप्तरात. सह्यांसाठी पेन वेदीजवळच्या टेबलावर.