जड क्वार्क आणि बोसॉनांवरून प्लाझ्मा ओळखताना या चुका टाळा

लार्ज हॅड्रॉन कोलायडरमध्ये शिशाची दोन केंद्रकं एकमेकांवर आदळली की क्वार्क-ग्लुऑन प्लाझ्मा (क्वार्क आणि त्यांना बांधणारे ग्लुऑन मोकळे फिरतात अशी अतितप्त अवस्था) तयार होतो आणि लगेच विरूनही जातो. प्रकाशाला १० फर्मी (एक फर्मी म्हणजे १०⁻¹⁵ मीटर) अंतर कापायला जेवढा वेळ लागतो, साधारण तेवढंच त्याचं आयुष्य. त्यात बाहेरून काही सोडून पाहण्याची सोयच नाही. त्याच टकरीच्या पहिल्या क्षणी जन्मलेले कण प्लाझ्मातून पार होतात आणि त्यांच्यावर काय बेतलं यावरूनच आपल्याला अंदाज बांधावा लागतो.

चार्म आणि बॉटम हे जड क्वार्क इथे फार उपयोगी पडतात. त्यांचं वस्तुमान अनुक्रमे सुमारे १.३ आणि ४.२ जीईव्ही (ऊर्जेचं एकक, एक अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट), तर प्लाझ्माचं तापमान अर्ध्या जीईव्हीच्या आतलं. त्यामुळे ते प्लाझ्मात नव्याने जवळजवळ तयार होत नाहीत; जे असतात ते अगदी सुरुवातीचे असतात आणि माध्यमाचा सगळा इतिहास सोसून बाहेर येतात. डब्ल्यू आणि झेड बोसॉनही (दुर्बल बलाचे वाहक कण) सुरुवातीलाच जन्मतात, पण ते म्युऑनमध्ये विघटित झाले तर त्या म्युऑनांना (इलेक्ट्रॉनच्या जड भावंडांना) रंगभार, म्हणजे तीव्र बलाला प्रतिसाद देणारा भार, नसल्याने प्लाझ्मा त्यांना जवळपास शिवत नाही. एक साक्षीदार सगळं भोगलेला, दुसरा तटस्थ. ही जोडी इतकी सुबक आहे की आकडे हाती आले रे आले की निष्कर्षाकडे धाव घ्यावीशी वाटते. बहुतेक चुका त्या घाईत होतात.

मोजलं जातं ते प्रामुख्याने आर-एए हे गुणोत्तर. वर केंद्रक-केंद्रक टकरीतलं उत्पादन. खाली प्रोटॉन-प्रोटॉन टकरीतलं उत्पादन गुणिले न्यूक्लिऑन-न्यूक्लिऑन टकरींची संख्या (न्यूक्लिऑन म्हणजे प्रोटॉन किंवा न्यूट्रॉन). माध्यमाचा काहीच परिणाम नसेल तर उत्तर १ यावं, असं शिकवलं जातं. माझं ठाम मत असं की या विषयात नव्याने येणाऱ्याने आधी भाजकाचा कसून अभ्यास करावा, प्लाझ्माचा नंतर.

शिसं म्हणजे २०८ प्रोटॉन नव्हेत

लार्ज हॅड्रॉन कोलायडरवरच्या सीएमएस प्रयोगाने २.७६ टीईव्हीच्या (एक टीईव्ही म्हणजे हजार जीईव्ही) शिसे-शिसे टकरींमधले डब्ल्यू मोजून २०१२ मध्ये निकाल प्रसिद्ध केला. धन डब्ल्यूचा आर-एए सुमारे ०.८ आला, ऋण डब्ल्यूचा सुमारे १.५. नुसते हे दोन आकडे पाहणाऱ्याला वाटेल की प्लाझ्मा एकाला गिळतो आणि दुसऱ्याला जन्म देतो. पण यात प्लाझ्माचा काही संबंध नाही.

कारण साध्या हिशेबात सापडतं. शिशाच्या केंद्रकात ८२ प्रोटॉन आणि १२६ न्यूट्रॉन. प्रोटॉनमध्ये दोन अप आणि एक डाउन, न्यूट्रॉनमध्ये त्याच्या उलट. मग शिशात एकूण २९० अप आणि ३३४ डाउन संयुजा क्वार्क भरतात. प्रोटॉनमध्ये अप दुप्पट असतात. इथे डाउनच वरचढ. धन डब्ल्यू मुख्यतः अप आणि प्रति-डाउन यांच्यापासून बनतो, ऋण डब्ल्यू डाउन आणि प्रति-अप यांच्यापासून. त्यामुळे प्रोटॉन-प्रोटॉनच्या तुलनेत एक घटणार आणि दुसरा वाढणार हे टकरीआधीच ठरलेलं असतं. दोन्ही भार एकत्र केले तर त्याच निकालात आर-एए १.०४ आला, अनिश्चिततेच्या मर्यादेत १ च.

म्हणून बोसॉनचा आर-एए १ पासून ढळलेला दिसला की आधी हा आयसोस्पिन-परिणाम, म्हणजे प्रोटॉन-न्यूट्रॉनच्या प्रमाणामुळे पडणारा फरक, तपासा. त्यानंतर केंद्रकाच्या आतली पार्टॉन-वितरणं, म्हणजे क्वार्क-ग्लुऑनांमध्ये संवेग कसा वाटला गेला आहे ते, पाहा. बांधलेल्या न्यूक्लिऑनमधले क्वार्क-ग्लुऑन मोकळ्या प्रोटॉनसारखे वाटलेले नसतात. कमी संवेगांशाला (न्यूक्लिऑनच्या संवेगातला त्यांचा वाटा) ते घटतात, त्याच्या थोडं वर किंचित वाढतात. झेडच्या बाबतीत ५.०२ टीईव्हीला मध्य-रॅपिडिटीजवळ (रॅपिडिटी म्हणजे किरणाच्या दिशेतल्या वेगाचं माप) हा संवेगांश साधारण ०.०२ पडतो. याच कारणाने बोसॉन हे प्लाझ्माचे साक्षीदार म्हणून जेवढे उपयोगी आहेत तेवढेच केंद्रकाच्या सुरुवातीच्या स्थितीचे मापक म्हणूनही. ही दोन कामं एकाच मोजमापातून एकाच वेळी करून घेऊ नयेत.

संदर्भाच्या ऊर्जेत आणि चौकटीत गफलत

प्रोटॉन-प्रोटॉन संदर्भ त्याच ऊर्जेचा हवा. शिसे-शिसे ५.३६ टीईव्हीचं आणि संदर्भ ५.०२ चा असं जुळवताना मधला फरक सिद्धांताने भरून काढावा लागतो, आणि ती अनिश्चितता निकालात स्पष्ट दिसली पाहिजे.

प्रोटॉन-शिसे टकरींत आणखी एक खाच आहे. २०१३ च्या टकरींत प्रोटॉन ४ टीईव्हीचा होता, तर शिशातला प्रत्येक न्यूक्लिऑन १.५८ टीईव्हीचा. त्यामुळे वस्तुमानकेंद्राची चौकट प्रोटॉनच्या दिशेने ०.४६५ रॅपिडिटीने सरकते. प्रयोगशाळेच्या चौकटीतली रॅपिडिटी जशीच्या तशी सिद्धांताच्या आलेखावर ठेवली तर पुढे-मागे खोटी असमानता दिसते. कोणाचा आलेख विचित्र वाकडा आला असेल तर मी सर्वप्रथम हेच तपासायला सांगेन.

परिघीय टकरी निष्पाप असतात असं धरणं

मध्यवर्ती, म्हणजे अगदी समोरासमोरच्या, टकरींत न्यूक्लिऑन-टकरींची संख्या १,७०० च्या आसपास जाते, अगदी परिघीय, म्हणजे कडेकडेने झालेल्या, टकरींत ती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरते. तिथे प्लाझ्मा नगण्य, म्हणून आर-एए १ ला टेकायला हवा, ही समजूत सार्वत्रिक आहे. तरीही परिघीय गटांमध्ये तो १ च्या खाली घसरतो.

याचं कारण निवडीत असतं. सेंट्रॅलिटी (टकर किती मध्यवर्ती होती याचं माप) ठरवली जाते ती टकरीत किती कण किंवा किती ऊर्जा निघाली यावरून. कमी हालचालीच्या घटना निवडताना आपण नकळत अशा घटना वेचतो, ज्यांत न्यूक्लिऑन एकमेकांना नुसते चाटून गेलेले असतात आणि जोरदार विखुरणं सरासरीपेक्षा कमी झालेलं असतं. भाजकातली टकरींची संख्या मात्र सरासरी धरूनच काढलेली असते. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या झेडच्या अचूक मोजमापात सीएमएसला परिघीय टकरींत नेमकी अशी घट दिसली. झेड प्लाझ्माला जुमानत नाही, म्हणजे ही घट भूमितीची आणि निवडीची. त्यातून एक चांगला मार्ग निघतो: टकरींची संख्या प्रतिमानातून काढण्याऐवजी त्याच सेंट्रॅलिटी गटातल्या झेडच्या उत्पादनाने भागायचं. आकडेवारी पुरेशी असेल तिथे मला हा मार्ग जास्त विश्वासाचा वाटतो.

आर-एए सारखा म्हणजे ऊर्जाऱ्हास सारखा, हा गैरसमज

जड क्वार्क कमी ऊर्जा गमावतो अशी अपेक्षा असते, कारण वस्तुमान भागिले ऊर्जा एवढ्या कोनाच्या आत त्याचं ग्लुऑन-उत्सर्जन दाबलं जातं. याला मृत-शंकू म्हणतात. लार्ज हॅड्रॉन कोलायडरवरच्या अ‍ॅलिस प्रयोगाने तो प्रोटॉन-प्रोटॉन टकरींत थेट पाहिल्याचं २०२२ मध्ये जाहीर केलं. शिवाय पायॉन (हलक्या क्वार्कांपासून बनलेले कण) बरेचसे ग्लुऑनपासून येतात आणि ग्लुऑनवरचा रंगभार क्वार्कपेक्षा जास्त. तरीही जास्त अनुप्रस्थ संवेगाला (किरणाला काटकोनातला संवेग) डी मेसॉन (चार्म आणि एक हलका क्वार्क यांचा कण) आणि पायॉन यांचे आर-एए जवळपास सारखे दिसतात. मग मृत-शंकूचा काही परिणामच नाही का?

आकडे घालून पाहा. वर्णपट अनुप्रस्थ संवेगाच्या उणे ६ व्या घाताने उतरतोय आणि प्रत्येक कणाने २० टक्के संवेग गमावला असं समजा. आर-एए येतो ०.८ चा पाचवा घात, म्हणजे ०.३३. आता ऱ्हास तोच ठेवून वर्णपट जरा सपाट करा, उणे ५ व्या घाताचा. उत्तर ०.८ चा चौथा घात, ०.४१. ऊर्जाऱ्हासाला हात न लावता आर-एए चांगलाच बदलला. प्रत्यक्षात चार्म, हलके क्वार्क आणि ग्लुऑन यांचे वर्णपट वेगळे, त्यांचं हॅड्रॉनमध्ये (क्वार्कांपासून बनलेल्या कणांमध्ये) रूपांतरही वेगळं. चार्म आपल्या संवेगाचा मोठा वाटा डी मेसॉनला देऊन टाकतो, ग्लुऑनचे तुकडे बारीक होतात. हे परिणाम एकमेकांना खोडू शकतात. वस्तुमानाचा प्रभाव पाहायचा असेल तर थेट जन्मलेल्या डी मेसॉनची तुलना बॉटमच्या विघटनातून आलेल्या डी मेसॉनशी करा. बी मेसॉन (बॉटम असलेला कण) विघटनाआधी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास सरकलेला असतो, त्यामुळे ते दोन गट विघटनबिंदूच्या अंतरावरून वेगळे करता येतात. ते न करता दोन्ही एकत्र टाकले तर चार्मचं म्हणून जे मोजलं जातं त्यात बॉटम मिसळलेला राहतो.

डी मेसॉनचा लंबवर्तुळी प्रवाह (एका दिशेला जास्त आणि तिच्या काटकोनात कमी कण निघणं) दिसला की चार्म प्लाझ्मात पूर्ण विरघळला, असंही पटकन म्हटलं जातं. डी मेसॉनमध्ये एक हलका क्वार्क असतो आणि तोही प्रवाहात वाहतच आलेला असतो. म्हणून आर-एए आणि प्रवाह दोन्ही एकत्र जुळवणारं प्रतिमानच ग्राह्य धरावं. दोहोंपैकी एक जुळवणं फार अवघड नसतं.

जे-साय आणि उप्सिलॉन: दडपणाचं सरधोपट वाचन

मात्सुई आणि सात्झ यांनी १९८६ मध्ये मांडलं की प्लाझ्मात रंगभाराला पडदा पडतो आणि जे-साय (चार्म आणि प्रति-चार्म यांची बांधलेली जोडी) बांधलेला राहू शकत नाही. त्यावरून जास्त तापमान म्हणजे जास्त दडपण असं समीकरण डोक्यात बसतं. पण ब्रुकहेवनच्या आरएचआयसी या कमी ऊर्जेच्या कोलायडरवर २०० जीईव्हीला जेवढं दडपण दिसलं, त्यापेक्षा लार्ज हॅड्रॉन कोलायडरवर कमी अनुप्रस्थ संवेगाला ते कमी निघालं. तिथे एका मध्यवर्ती टकरीत चार्मच्या जोड्या इतक्या होतात की वेगवेगळ्या जोड्यांमधले चार्म आणि प्रति-चार्म शेवटी एकत्र येऊन नवे जे-साय बनतात. म्हणजे तुटणं आणि जुळणं दोन्ही चालू, आणि आपण मोजतो फक्त गोळाबेरीज.

उप्सिलॉनमध्ये (बॉटम आणि प्रति-बॉटम यांच्या जोडीत) जुळणीचा भाग बराच कमी, म्हणून चित्र स्वच्छ दिसतं. ५.०२ टीईव्हीला सीएमएसने मोजलेला आर-एए पहिल्या अवस्थेसाठी सुमारे ०.३८, दुसऱ्या अवस्थेसाठी सुमारे ०.१२. सैल बांधलेली अवस्था आधी जाते, हे अपेक्षेप्रमाणेच. पण यावरून ‘पहिली अवस्था ६२ टक्के वितळली’ असं लिहू नका. पहिल्या अवस्थेतले बरेच उप्सिलॉन वरच्या अवस्थांच्या विघटनातून येतात. त्या अवस्था नष्ट झाल्या तर पहिलीला धक्का न लागताही तिचा आकडा पडतो. त्यात केंद्रकीय पार्टॉन-वितरणांचा वाटा आणखी वेगळा.

बोसॉन आणि जेट समोरासमोर

फोटॉन किंवा झेडचा संवेग मोजला की समोरच्या जेटचा (एका क्वार्क किंवा ग्लुऑनपासून निघालेल्या कणांच्या झोताचा) मूळ संवेग कळतो, हे सरासरीने खरं आहे, प्रत्येक घटनेत नाही. प्रोटॉन-प्रोटॉनमध्येसुद्धा जादा उत्सर्जनामुळे दोघांचं गुणोत्तर १ भोवती पसरलेलं असतं. त्यामुळे तुलना नेहमी तशाच निवडीच्या प्रोटॉन-प्रोटॉन वितरणाशी करा, आणि त्या वितरणाला शिसे-शिशातली पार्श्वभूमी लावून मगच. पार्श्वभूमीचे चढउतार जेटची ऊर्जा इतकी हलवतात की ते न मिसळता केलेल्या तुलनेत ऱ्हासाचा आकडा चुकतो. फोटॉनच्या बाबतीत आणखी जपा: मध्यवर्ती टकरीत विलगतेच्या शंकूत (फोटॉनभोवतीचा जो भाग जवळपास रिकामा असायला हवा त्यात) भरपूर कण पडतात, आणि पायॉनच्या विघटनातले फोटॉनही खरे म्हणून निसटतात. झेडमध्ये ही भानगड जवळपास नसते. त्याची किंमत म्हणजे आकडेवारी तुटपुंजी, कारण म्युऑन-जोडीत विघटित होणारे झेड ३.४ टक्केच.

परिघीय टकरींत जे-साय मोजताना अनुप्रस्थ संवेगाचा सगळ्यात खालचा कप्पा वेगळा काढून पाहा. ०.३ जीईव्हीच्या खाली अ‍ॅलिसला तिथे आर-एए १ च्या कितीतरी वर दिसला. शिशाच्या केंद्रकाभोवतीच्या विद्युतक्षेत्रातला फोटॉन समोरच्या अख्ख्या केंद्रकावर आदळून बनवलेले हे जे-साय आहेत. ते शून्यापासूनच्या बेरजेत राहू दिले तर परिघीय बिंदू वर उचलला जातो आणि मध्यवर्ती टकरींकडे जाणारा उतार आहे त्यापेक्षा तीव्र भासतो. बेरीज ०.३ जीईव्हीच्या वरून सुरू करा आणि प्रोटॉन-प्रोटॉन संदर्भालाही तीच मर्यादा लावा.