जुनाट जखमेवर मध लावताय? या चुका टाळा

पायाची जखम महिनोन् महिने भरत नाही, दवाखान्याच्या चकरा मारून घरचे थकतात, आणि मग कोणीतरी सांगतं, मध लावून पाहा. सांगणाऱ्याचं अगदीच चूक नसतं. सुश्रुतसंहितेत व्रणावर मध-तूप सांगितलं आहे. सोलापूरच्या मेडिकल कॉलेजातले सर्जन डॉ. सुब्रह्मण्यम यांनी भाजलेल्या 104 रुग्णांवर केलेला मधाचा अभ्यास 1991 मध्ये प्रसिद्ध झाला. मधातली दाट साखर जंतूंना लागणारं पाणी ओढून घेते, मध आम्लधर्मी असतो आणि जखमेच्या पाण्यात मिसळला की त्यातून जंतू मारणारं हायड्रोजन पेरॉक्साइड हळूहळू सुटत राहतं. पण ताजी भाजलेली कातडी वेगळी, आणि वर्षभर तळपायाला असलेलं भोक वेगळं.

कारण न शोधता मध लावत बसणं

सगळ्यात महागात पडते ती हीच चूक. आपल्याकडे, वर्ध्यापासून गडचिरोलीपर्यंत, न भरणाऱ्या जखमेमागे बहुतेक वेळा काहीतरी दडलेलं असतं: वाढलेली शुगर, कुष्ठरोगाने बधिर झालेला पाय, फुगलेल्या शिरा, हत्तीपाय, नाहीतर सिकलसेल हा रक्ताचा आजार, ज्यात घोट्याजवळ जखम होते आणि पुन्हा पुन्हा उघडते. खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) किंवा बिडी चालू असेल तर पायाच्या रक्तवाहिन्या आवळतात आणि बोटं काळी पडू लागतात. यातलं एकही कारण मधाने जात नाही.

शिरांच्या जखमेचंच घ्या. न्यूझीलंडमध्ये अशा 368 रुग्णांवर चाचणी झाली, तिचा निकाल 2008 मध्ये आला. सगळ्यांच्या पायाला दाबाची पट्टी होती. निम्म्यांना तिच्याखाली मधाचं ड्रेसिंग, बाकीच्यांना नेहमीचं. 12 आठवड्यांनी मधाच्या गटात 187 पैकी 104 जणांच्या जखमा भरल्या, दुसऱ्या गटात 181 पैकी 90. हा फरक मधामुळेच पडला असं म्हणण्याइतका मोठा नव्हता, आणि मध लावलेल्यांना दुखलं मात्र जास्त. म्हणजे अशा जखमेत आधी दाबाची पट्टी हवी. तीसुद्धा पायाची नाडी तपासल्याशिवाय बांधायची नाही, कारण रक्तपुरवठा कमी असलेल्या पायावर तीच घातक ठरते.

बधिर पायाचं दुखणं आणखी निराळं. "दुखत नाई न सिस्टर, मंग कायले जाऊ दवाखान्यात?" हे वाक्य गावोगाव ऐकू येतं. न दुखणं हीच तर धोक्याची खूण! कापूस वेचताना पऱ्हाटीचा खुंट तळव्यात घुसतो, कळत नाही, आणि माणूस त्याच पायावर दिवसभर वावरात फिरतो. सकाळी मधाची पट्टी केली आणि लगेच अनवाणी निघालं, तर प्रत्येक पावलाला जखम पुन्हा चिरडते. त्या पायावरचा भार काढणं हाच खरा इलाज: प्लास्टर, काठी, काही आठवडे घरी बसणं. कुष्ठरोगाच्या रुग्णांना मऊ तळाच्या एमसीआर चपला सरकारी कार्यक्रमातून मिळतात, प्राथमिक आरोग्य केंद्रात मागून घ्या. धानाच्या बांधीत रोवणीला तर अशा पायाने उतरूच नये. हंगामाच्या ऐन दिवसांत हे सांगणं किती जड आहे ते मला ठाऊक आहे, तरीही सांगते.

मिळेल तो मध वापरणं

2020 मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने 13 ब्रँडचे मध तपासले. सगळ्या चाचण्यांत फक्त 3 पास झाले. बाकीच्यांत साखरेच्या पाकाची भेसळ दिसली. मग मेळघाटातून आलेला आग्या मोहोळाचा मध तरी चालेल ना? खायला उत्तम, उघड्या जखमेवर नको. हाताने पिळलेल्या मधात मेण, अळ्या, माती आणि जंतूंचे बीजाणू असू शकतात. उकळून घेतला तरी हे बीजाणू टिकतात, आणि मधातलं हे पेरॉक्साइड बनवणारं विकर (एन्झाइम) मात्र उष्णतेने मरतं. जखमेसाठीचा मध गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेला असतो, ट्यूबमध्ये किंवा तयार पट्टीत मिळतो. डॉक्टरांना विचारून तोच घ्या. त्यात हळद, राख, तंबाखू, शेण काहीही कालवू नका. मधमाशी चावल्यावर अंगावर गांधी उठतात किंवा दम लागतो, अशांनी मधाच्या वाटेला जाऊ नये.

लावण्याच्या चुका

अर्धा लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एक लहान सपाट चमचा मीठ घालून त्याने जखम धुवा. काळं-पिवळं मेलेलं मांस घरी ब्लेडने काढू नका. मध जखमेवर ओतण्यापेक्षा गॉजवर पसरा. दहा सेंटीमीटरच्या चौकोनाला साधारण 20 मिली लागतो. वरून पाणी शोषणारा जाड पॅड हवाच. पॅड भिजला की त्याच दिवशी बदला, कारण पातळ झालेला मध कामाचा नाही. जखमेभोवतीची कातडी पांढरी, सुरकुतलेली दिसू लागली तर तिथे व्हॅसलिन लावा. थोडा वेळ चुरचुरलं तर चालतं. आग थांबतच नसेल तर धुऊन टाका.

मुंग्यांचा विचार फार कमी लोक करतात. मे महिन्यात मध पाण्यासारखा पातळ होऊन पट्टीबाहेर झिरपतो. सकाळी पट्टी सोडायला घ्यावी तर खाटेच्या पायापासून घोट्यापर्यंत लाल मुंग्यांची रांग, आणि म्हाताऱ्याला पत्ताच नाही. बधिर पाय रात्री उंदीरही कुरतडतात. पट्टीच्या कडा चिकटपट्टीने बंद करा, खाटेचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा, मच्छरदाणी गादीखाली खोचा.

मध चालू आहे म्हणून शुगरच्या गोळ्या बंद करणारेही भेटतात. असं मुळीच करू नका, आणि मध पिऊही नका.

ताप, वर चढत जाणारी लाली, काळं पडलेलं बोट, घाण वास, आत दिसणारं हाड, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. एरवी आठवड्यातून एकदा पारदर्शक प्लास्टिक जखमेवर धरून पेनाने कड आखा आणि तारीख टाका. चार आठवड्यांत आकार कमी झाला नाही, किंवा कड जाड होऊन बाहेर वळू लागली, तर कडेचा तुकडा तपासायला पाठवा असं डॉक्टरांना स्वतःहून म्हणा. वर्षानुवर्षांच्या जखमेत कधी कधी कॅन्सर होतो, आणि तो नुसत्या डोळ्यांनी ओळखता येत नाही.