यादवीच्या आधीची चाळीस वर्षं: अमेरिकेचा इतिहास पहिल्यांदा वाचणाऱ्यांसाठी

एम.ए.ला आम्हाला अमेरिकेच्या इतिहासाचा एक पेपर होता. अंतर्गत परीक्षेत 'यादवी युद्धाची कारणे' हा हमखास येणारा प्रश्न आला आणि मी चार पानं झरझर भरली. आर्थिक तफावत, जकातीचा वाद, राज्यांचे हक्क, गुलामगिरी, लिंकनची निवड. मथळ्यांखाली पट्टी लावून रेघासुद्धा मारल्या होत्या. पेपर परत मिळाला तेव्हा 'राज्यांचे हक्क' या शब्दांभोवती लाल गोल होता आणि समासात सरांचे दोनच शब्द होते, "कसले हक्क?" 15 पैकी 6 गुण. आधी राग आला, पण नंतरची सबंध उन्हाळ्याची सुट्टी त्या दोन शब्दांच्या मागेच गेली. आता आमच्या अभ्यासिकेत नवी मुलं हा विषय घेऊन येतात आणि तीच पाच कारणं पाठ करताना दिसतात, म्हणून हे लिहायला बसलो.

आपली पहिली फसगत शब्दापासूनच होते. 'यादवी' म्हटलं की डोळ्यासमोर प्रभासक्षेत्री प्यालेले यादव येतात. शब्दाने शब्द वाढला आणि भाऊबंदांनी एकमेकांना लोळवलं. अमेरिकेत तसं काही अचानक झालं नाही. चाळीस वर्षं तिथे सभागृहात ठराव, दुरुस्त्या, मतदान आणि तडजोडी चालू होत्या. आणि भांडण बहुतेक वेळा एकाच प्रश्नावर यायचं, जी जमीन अजून राज्य झालेली नाही तिथे गुलाम न्यायचे की नाही, आणि हे ठरवायचं कोणी?

म्हणून पहिल्या आठवड्यात दुसरं काही करू नका, 'राज्य' आणि 'टेरिटरी' यांतला फरक पक्का करा. टेरिटरी म्हणजे केंद्राच्या ताब्यातला प्रदेश, साधारण आपल्या केंद्रशासित प्रदेशासारखा. लोकवस्ती वाढली की त्याचं राज्य व्हायचं आणि राज्य झालं की सिनेट या वरिष्ठ सभागृहात दोन जागा मिळायच्या. लोकसंख्या कितीही असो, जागा दोनच. कनिष्ठ सभागृहात (तिथे जागा लोकसंख्येवर) गुलामगिरी नसलेल्या उत्तरेची संख्या वाढत चाललेली होती. 1787च्या घटनेने दक्षिणेला पाच गुलामांमागे तीन माणसं मोजायची मुभा देऊनही (त्या घटनेत 'गुलाम' हा शब्द मात्र कुठेच नाही) दक्षिण मागे पडत होती. त्यामुळे सिनेट हाच तिचा किल्ला.

मी एका दोनशेपानी वहीत तीन रकाने आखले होते. साल, मुक्त राज्यं, गुलामीची राज्यं. 1819ला 11 आणि 11. मग मिसुरीने गुलामांसह राज्य व्हायचं म्हटलं आणि तराजू हलला. 1820मध्ये मॅसॅच्युसेट्सपासून मेन वेगळं काढलं आणि ते मुक्त राज्य म्हणून समोर ठेवलं. 12 आणि 12. लुइझियाना खरेदीतल्या (1803ला फ्रान्सकडून विकत घेतलेल्या) उरलेल्या प्रदेशात 36 अंश 30 मिनिटांच्या रेषेच्या उत्तरेला गुलामगिरी नाही असं ठरलं. इथे नवशिक्या हमखास अडखळतो, कारण मिसुरी स्वतः त्या रेषेच्या वर आहे! तो अपवादच होता, सगळी तडजोड त्याच्यासाठीच तर चालली होती. 1848ला रकान्यात 15 आणि 15. 1850ला कॅलिफोर्निया आलं तेव्हा 16 आणि 15. त्यानंतर मिनेसोटा, ओरेगन, असं करत 18. उजवा रकाना 15वरच थांबला. दक्षिणेची घालमेल मला व्याख्यानांपेक्षा त्या थांबलेल्या रकान्यात जास्त समजली.

या सगळ्याच्या मुळाशी कापूस आहे, तो विसरू नका. 1793मध्ये सरकी काढायचं यंत्र आलं आणि आखूड धाग्याचा कापूस परवडू लागला. 1790च्या जनगणनेत सात लाखांच्या आसपास असलेले गुलाम 1860मध्ये साडेएकोणचाळीस लाखांवर गेले. व्हर्जिनिया, मेरीलँडमधून माणसं मिसिसिपी, अलाबामाच्या मळ्यांकडे विकली जात होती. नवी जमीन बंद होणं म्हणजे हा बाजारही आखडणं. युद्ध पेटल्यावर तो कापूस अडला आणि मुंबईत कापसाचे भाव कडाडले, समुद्रात भर घालणाऱ्या बॅक बे कंपनीच्या शेअरांचं वेड लागलं, 1865ला सगळं कोसळलं, हा आपल्याकडचा धडा बहुतेकांना माहीत असतो. तो मागून पुढे जोडून बघा.

दुसरी चूक माझी स्वतःची. 1873च्या 'गुलामगिरी' या ग्रंथाची जोतीरावांनी अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना केलेली अर्पणपत्रिका शाळेपासून डोक्यात होती. त्यामुळे उत्तरेतला प्रत्येक माणूस गुलामांचा कैवारी, असं मी धरून चाललो होतो. कैवारी होते, पण थोडे आणि बराच काळ शिव्या खाणारे. 1846मध्ये मेक्सिकोकडून मिळणाऱ्या जमिनीत गुलामगिरी नको, असा ठराव विल्मट या डेमोक्रॅट सभासदाने मांडला, तो गोऱ्या कष्टकऱ्याला जमीन मोकळी राहावी म्हणून. ओरेगन मुक्त राज्य झालं, पण कृष्णवर्णीयांनी तिथे येऊन राहू नये असं कलम त्याच्या घटनेत होतं. विस्ताराला विरोध आणि गुलामगिरीच संपवण्याची मागणी या दोन गोष्टी वेगवेगळ्या वाचा. लिंकनचा पक्ष पहिल्या गटातला. आणि तेव्हाचे डेमोक्रॅट-रिपब्लिकन आजच्या बातम्यांतल्या पक्षांशी जुळवायला जाऊ नका, डोकं फिरेल.

आता ज्या कायद्याने माझा तो लाल गोल सोडवला, तो. 1850च्या तडजोडीत कॅलिफोर्नियाच्या बदल्यात दक्षिणेला पळालेल्या गुलामांचा कडक कायदा मिळाला. पकडलेल्या माणसाला स्वतःच्या बाजूने साक्ष देता येत नव्हती. ज्यूरी नाही. निवाडा करणाऱ्या कमिशनरने त्याला मालकाकडे पाठवलं तर फी 10 डॉलर, सोडून दिलं तर 5. (कागदपत्रं जास्त करावी लागतात, असं त्याचं समर्थन होतं!) मदत करणाऱ्याला 1000 डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद. 2 जून 1854ला बॉस्टनमध्ये अँथनी बर्न्स या पळून आलेल्या एका गुलामाला परत पाठवण्यासाठी बंदरावर न्यायला रस्त्याच्या दुतर्फा सैन्य उभं करावं लागलं. लोकांनी इमारतींवर काळी कापडं टांगली होती. ज्यांना कालपर्यंत गुलामगिरी ही लांबची भानगड वाटत होती, त्यांच्या दारातून ती चालत गेली.

आणि मग राज्यांचे हक्क कोण सांगायला लागलं? विस्कॉन्सिन. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने हा केंद्रीय कायदाच घटनाबाह्य ठरवला. उत्तरेतली राज्यं आपापले कायदे करून त्याची अंमलबजावणी अडवत होती आणि केंद्राने बडगा उगारावा म्हणून दक्षिण हट्ट धरून बसली होती. "कसले हक्क?" हे तेव्हा कुठे डोक्यात शिरलं.

बर्न्सला नेलं त्याच आठवड्यात, 30 मे 1854ला, कॅन्सस-नेब्रास्का कायद्यावर सही झाली. स्टीफन डग्लस या सिनेटरने 1820ची रेषा पुसली आणि या दोन नव्या टेरिटरींत गुलामगिरीचं काय ते स्थानिक वस्तीच ठरवेल असं म्हटलं. ऐकायला लोकशाही वाटते. मार्च 1855च्या निवडणुकीत कॅन्ससचे मतदार तीन हजारांच्या आत आणि मतं सहा हजारांवर, कारण मिसुरीतून टोळ्याच्या टोळ्या सीमा ओलांडून मत टाकून गेल्या. बोगस मतदान आपल्याला समजावून सांगायची गरज नाही. पुढे गोळ्या चालल्या, डेमोक्रॅटांसमोरचा जुना मोठा व्हिग पक्ष संपला, रिपब्लिकन उभे राहिले. 22 मे 1856ला तर सिनेटच्या सभागृहात दक्षिणेतला कनिष्ठ सभागृहाचा सभासद प्रेस्टन ब्रुक्स याने गुलामगिरीविरोधी सिनेटर चार्ल्स समनरला बाकावरच काठीने रक्तबंबाळ केलं आणि दक्षिणेतून ब्रुक्सला नव्या काठ्या भेट म्हणून आल्या.

इथे एक देवनागरीची अडचण. स्टीफन डग्लस हा सिनेटर आणि फ्रेडरिक डग्लस हा गुलामीतून पळून आलेला वक्ता आणि संपादक. इंग्रजीत एका 'एस'चा फरक तरी आहे, आपल्याकडे तोही नाही. माझ्या नोट्समध्ये दोघे एकमेकांची भाषणं करत होते. पूर्ण नावं लिहा. कॅन्सस आणि आर्कान्सा यांचंही तेच.

ड्रेड स्कॉट या गुलामाने स्वातंत्र्यासाठी केलेल्या दाव्यातल्या केंद्राच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाला (6 मार्च 1857, 7 विरुद्ध 2) परीक्षेत दोन ओळी पुरतात, पण त्या नेमक्या हव्यात. कृष्णवर्णीय नागरिक होऊ शकत नाहीत आणि टेरिटरीत गुलामगिरीला बंदी घालायचा अधिकार काँग्रेसला (म्हणजे तिथल्या संसदेला) नाही. म्हणजे रिपब्लिकन पक्षाचा मुख्य कार्यक्रमच बेकायदा, आणि स्टीफन डग्लसच्या 'लोक ठरवतील' याचाही पाया खचला. 1860ला डेमोक्रॅट पक्ष टेरिटरीतल्या गुलामगिरीला केंद्राने संरक्षण द्यावं की नाही यावरच फुटला. चार उमेदवार उभे राहिले आणि 40 टक्क्यांच्याही आत मतं घेऊन लिंकन निवडून आला. दक्षिणेतल्या दहा राज्यांत त्याच्या नावाची मतपत्रिकाच नव्हती.

पाठ्यपुस्तकाच्या आधी एक कागद वाचा, असं मी सगळ्यांना सांगतो. साउथ कॅरोलायनाने संघराज्यातून फुटून निघताना 24 डिसेंबर 1860ला स्वतःची कारणं लिहून ठेवली. पेन्सिल घ्या आणि 'जकात' शब्द शोधा. सापडणार नाही. सापडतील ती पळालेले गुलाम परत न करणाऱ्या तेरा राज्यांची नावं, एकामागून एक.

12 एप्रिल 1861ला साउथ कॅरोलायनातल्या, पण केंद्राच्या ताब्यातल्या सम्टर किल्ल्यावर तोफा डागल्या गेल्या, तिथे माझी वही संपते. तोवर सात राज्यं फुटली होती, त्यानंतर आणखी चार. उजव्या रकान्यातल्या 15पैकी 11 गेली आणि चार संघराज्यातच राहिली, त्यांत मिसुरीही होतं. वहीच्या पहिल्या पानावरचं राज्य शेवटच्या पानावर असं का वागलं, याच्यासाठी दुसरी वही घालावी लागली.