नदीकाठची दरी राखायला जमीन देताय? या चुका टाळा

त्र्यंबक, पेठ, सुरगाण्याकडच्या नद्या घाटमाथ्यावरून पश्चिमेला उतरताना खोल दऱ्या कोरत जातात. त्या काठाचे काही गट खासगी असतात. दरी आहे तशी राहावी, लोकांना पाहता यावी म्हणून मालक स्वतःच जमीन एखाद्या ट्रस्टला द्यायला निघाला, तरी काम रानात अडत नाही, कागदावर अडतं.

बक्षीसपत्राची घाई. आधी सातबारा नीट वाचा. ‘भोगवटादार वर्ग 2’ असेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय हस्तांतर नाही. मालक आदिवासी असेल तर महसूल संहितेचं कलम 36 अ लागतं, म्हणजे बिगर-आदिवासी संस्थेला नुसता भाडेपट्टा द्यायलाही परवानगी हवी. या पट्ट्यातली बहुतेक गावं अनुसूचित क्षेत्रात असल्याने हा प्रश्न हमखास येतो. वर्ग 1 ची जमीनही सरळ ट्रस्टच्या नावावर होत नाही. ‘विकत नाही, दान देतोय’ हा युक्तिवाद चालत नाही, कारण कूळकायद्याच्या कलम 63 मध्ये शेतकरी नसलेल्याला दिलेलं बक्षीसही येतं.

‘इतर हक्क’ रकान्यात वन कायद्याच्या कलम 35 ची किंवा खासगी वनाची नोंद दिसली तर तिथेच थांबा. खासगी वने संपादन कायद्याने 30 ऑगस्ट 1975 ला जमीन सरकारजमा झालेली असेल, तर द्यायला मालकाकडे काही उरलेलंच नाही. मात्र नुसत्या नोंदीवरून तसं ठरत नाही. जुना फेरफार काढून कलम 35 ची नोटीस खरंच बजावली होती का, हे वकिलाकडून तपासून घ्या.

मोजणीशिवाय हद्द ठरवणं. ‘नदीच्या मध्यापर्यंत आमचंच’ असं सर्रास सांगितलं जातं. पात्र सरकारचं असतं. भूमी अभिलेख कार्यालयाकडे मोजणीचा अर्ज पावसाळ्याआधी टाकू नका. गवत वाळल्यावर, दिवाळीनंतरची तारीख मागा, नाहीतर जुने दगड सापडत नाहीत. आणखी एक घोळ उताराचा. नकाशात आडवं अंतर धरतात. 45 अंशांच्या उतारावर टेपने 100 मीटर भरले, तर नकाशावर ते 71 मीटरच येतात. मोजणीच्या नकाशाची ‘क’ प्रत हातात आली की क्षेत्र कमी भरल्याची अर्धी भांडणं यातूनच होतात.

‘कायम बांधकाम करू नये’ अशी अट लिहून निर्धास्त होणं. ही चूक सगळ्यात महागात पडते. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 11 नुसार जमीन पूर्णपणे दिली की घेणाऱ्याने ती कशी वापरावी याची अट त्याच्यावर चालत नाही. अपवाद एकच: देणाऱ्याची लगतची जमीन असेल आणि अट तिच्या फायद्याची असेल. म्हणून सगळा गट देऊन टाकू नका, कड्यावरची एक पट्टी स्वतःकडे ठेवा. अमेरिकेत जमीन मालकाकडेच राहते आणि तिथे बांधकाम रोखण्याचा हक्क तेवढा संस्थेला कायमचा देता येतो. आपल्या 1882 च्या सुविधाधिकार कायद्यात तसा हक्क फक्त दुसऱ्या जमिनीच्या उपभोगासाठी मिळतो. संस्थेची शेजारी जमीनच नसेल तर तो मसुदा कितीही सुंदर असो, उपयोग नाही.

चुकीचा दर्जा मागणं. नाशिकजवळच्या बोरगडचं उदाहरण देऊन लोक ‘संवर्धन राखीव’ मागतात. तो दर्जा सरकारी जमिनीसाठी आहे. खासगी जमिनीला वन्यजीव कायद्याच्या कलम 36 सी खालचं ‘समुदाय राखीव’ लागतं. मालकी तुमचीच राहते, पण अधिसूचना निघाल्यावर समितीचा ठराव आणि राज्य सरकारची मंजुरी यांशिवाय जमिनीचा वापर बदलता येत नाही. 2022 च्या दुरुस्तीमुळे अशा समितीत मालकालाही जागा आहे. अर्जावर सगळ्या सहहिस्सेदारांच्या सह्या घ्या. लग्न होऊन गेलेल्या बहिणींची नावं सातबाऱ्यावर असतात आणि नेमक्या त्याच सह्या राहतात.

हिरवाईचा उत्साह. कड्यावरच्या कातळी सड्यावर खड्डे घेऊन गिरिपुष्प, सुबाभूळ लावू नका. तिथली मातीच उथळ असते. अंजनेरीची सेरोपेजिया अंजनेरिका ही वनस्पती अशाच जागी वाढते. मोठं झाड तिथे धरत नाही, खड्ड्यांनी आहे ते मात्र जातं. जाळरेषा (वणवा पसरू नये म्हणून गवत काढलेला पट्टा) 15 फेब्रुवारीच्या आत काढून घ्या.

पायवाट आखताना कड्यावर पांढरे ओघळ दिसतात का पाहा. ती गिधाडांची जागा असू शकते. साधारण नोव्हेंबर ते मे घरट्याचा हंगाम असतो, तेवढे महिने वाट घरट्याच्या नजरेआडून फिरवा.

तारेचं कुंपण सगळ्यात शेवटी. आधी गावाची गुरं पाण्यावर कुठून उतरतात ते विचारून घ्या, आणि ‘गवत कापून न्या, गुरं सोडू नका’ हे ग्रामसभेत लेखी ठरवा. वाट अडवल्याचा दावा मामलेदार न्यायालय कायद्याखाली सहा महिन्यांत तहसीलदारांकडे टाकता येतो, आणि लोक टाकतात.