ॲडमिरल्टी बेटावर कयाकने अस्वले पाहायला जाण्याची तयारी

जुलैतल्या एका रात्री, ॲडमिरल्टी बेटाशेजारच्या विंडफॉल बेटाच्या किनाऱ्यावर तंबूच्या तळाला पाणी लागले आणि मला जाग आली. दुपारच्या भरतीने गोट्यांवर सोडलेली शेवाळाची रेघ पाहून आम्ही दोन्ही कयाक (वल्हवायच्या अरुंद होड्या) तिच्या चार-पाच हात वर ओढून ठेवल्या होत्या, आणि इतक्या वर पाणी येणार नाही अशा खात्रीने त्या बांधल्या नव्हत्या. रात्री दीडच्या सुमाराची भरती दुपारच्या भरतीपेक्षा कित्येक फूट उंच आली. एक कयाक झाडाच्या मुळात अडकून राहिली. दुसरी वल्ह्यांसकट निघून गेली आणि सकाळी एका मासेमारी बोटीने रेडिओवरची हाक ऐकून ती शोधून आणून दिली. तोवर दुपार उलटली होती आणि ज्या एका दिवसासाठी वर्षभर वाट पाहिली होती त्या दिवसाचा अस्वले पाहण्याचा परवाना वाया गेला होता. माझे लहानपण हर्णैला गेले आहे, त्यामुळे भरतीबद्दल मला कोणी काही शिकवायची गरज नाही असे मी धरून चाललो होतो. पुढे जे लिहिले आहे ते त्या रात्रीमुळे लिहिले आहे.

अलास्कातील जूनोच्या दक्षिणेला असलेल्या ॲडमिरल्टी बेटाला मूळचे त्लिंगित लोक कूट्झनूवू म्हणतात, आणि त्याचा अर्थ अस्वलांचा किल्ला असा सांगितला जातो. या बेटावर साधारण १,६०० तपकिरी अस्वले आहेत, म्हणजे सरासरी दर चौरस मैलाला एक. बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर, सेमूर कॅनाल नावाच्या लांब सागरी चिंचोळ्या पट्ट्यात, पॅक क्रीक हा ओढा समुद्राला मिळतो. तिथे ओढ्याच्या मुखाशी आणि आत जंगलातल्या मनोऱ्यावरून अस्वले पाहता येतात. जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या अखेरीपर्यंत सॅमन मासे ओढ्यात चढतात आणि तोच पाहण्याचा खरा काळ. जूनमध्येही अस्वले दिसतात, पण ती किनाऱ्यावरच्या हिरव्या गवतात चरताना दिसतात. ज्यांना मासेमारीच पाहायची आहे त्यांनी जूनमध्ये जाऊन हिरमुसले होऊ नये.

तयारीतली पहिली वस्तू म्हणजे जूनोचे भरती-ओहोटीचे वेळापत्रक, कागदावर छापलेले, आणि ते परवाना काढण्याच्या आधी हातात हवे. बहुतेक जण परवान्यापासून सुरुवात करतात, आम्हीही केली होती. पॅक क्रीकला मोसमाच्या ऐन भरात दिवसाला २४ जणांनाच जाता येते. परवाना ठरावीक तारखेचा असतो आणि त्या तारखेला पोहोचता आले नाही तर कोणी तुमच्यासाठी तारीख बदलून ठेवत नाही. म्हणून तारीख निवडताना समुद्र काय करणार आहे हे आधी पाहावे. जूनोहून कयाकने जाणारे लोक स्टीफन्स पॅसेज ही सामुद्रधुनी ओलांडून ऑलिव्हर इनलेट या खाडीत शिरतात. खाडीच्या टोकापासून सेमूर कॅनालपर्यंत साधारण एक मैलाचे अंतर जमिनीवरून आहे, आणि तेवढ्यासाठी रुळांवरून हाताने ढकलायची एक ट्रॉली आहे. खाडीचे टोक मात्र ओहोटीला कोरडे पडते. तिथे भरतीलाच पोहोचावे लागते, नाहीतर भरलेल्या कयाक गुडघाभर चिखलातून ओढाव्या लागतात किंवा पाणी परत येईपर्यंत तासन्‌तास बसून राहावे लागते.

यातली अडचण अशी की स्टीफन्स पॅसेज सकाळी, वारा उठायच्या आधी ओलांडलेला बरा असतो, पण उन्हाळ्यात अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला तिथे सकाळी खोल ओहोटी असते आणि भरती दुपारी येते. अमावास्या किंवा पौर्णिमेच्या दोन-तीन दिवस आधीची तारीख धरली तर भरती सकाळी उशिरा येते आणि दोन्ही गोष्टी जुळू शकतात. ट्रॉलीपर्यंत कयाक तरंगत नेण्यासाठी किती फुटांची भरती लागते हे जूनोत कयाक भाड्याने देणाऱ्यांना नेमके विचारावे आणि तो आकडा वेळापत्रकाच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा. ट्रॉली चालू स्थितीत आहे का हेही त्याच वेळी विचारावे.

आता वेळापत्रक वाचायचे कसे, कारण आम्ही चुकलो ते इथेच. कोकणात तिथीला तीनाने गुणून चाराने भागायचे आणि भरतीची वेळ काढायची, हा हिशोब मुंबई-कोकणाच्या किनाऱ्यासाठी आहे. तो तिथे लावू नये. दिवसात दोन भरत्या येतात हे दोन्हीकडे खरे आहे, पण जूनोला त्या दोन भरत्यांची उंची सारखी नसते आणि उन्हाळ्यातल्या उधाणाला रात्रीची भरती दुपारच्या भरतीपेक्षा पुष्कळ उंच असते. दुपारी तुम्ही उतरता तेव्हा दिसणारी ओली रेघ त्या दिवसाच्या लहान भरतीची असते. मोठी भरती तुम्ही झोपल्यावर येते. शिवाय पाण्याचा चढउतार कोकणातल्या उधाणाहून बराच मोठा आहे: उधाणाच्या दिवशी सर्वांत खालच्या आणि सर्वांत वरच्या पाण्यात २० फुटांहून जास्त फरक पडतो, आणि सपाट किनाऱ्यावर २० फुटांच्या चढाचा अर्थ पाणी शेकडो पावले पुढे येणे असा होतो. म्हणून रोज संध्याकाळी वेळापत्रकात रात्रीचा आकडा पाहावा, दुपारच्या आकड्याशी त्याची वजाबाकी करावी, आणि तंबू व कयाक त्या फरकाच्या वर, शक्यतो गवताची किंवा झाडांची रांग जिथे सुरू होते तिथे न्याव्यात. मग, कितीही वर असली तरी, कयाक झाडाला बांधावी. जवळ झाड नसेल तर मोठ्या खडकाला बांधावी. लांब दोरी न्यावी म्हणजे ‘जवळ झाड नव्हते’ असे सांगायची वेळ येत नाही. आम्ही तेच सांगितले होते.

वेळेबद्दल आणखी एक गोष्ट तपासावी. उन्हाळ्यात अलास्कातली घड्याळे एक तास पुढे केलेली असतात. काही वेळापत्रके हा तास धरून छापलेली असतात, काही धरत नाहीत, आणि ते पहिल्या पानावर बारीक अक्षरात लिहिलेले असते. ते वाचावे. सेमूर कॅनालमध्ये मोबाइलला रेंज नाही, त्यामुळे आमच्या फोनवरचे वेळापत्रक उघडलेच नाही, आणि कागदावरचे आम्ही घेतले नव्हते, कारण ते जूनोतल्या दुकानात सहज मिळते म्हणून शेवटच्या दिवसावर टाकले होते आणि शेवटच्या दिवशी विसरलो. दोन प्रती घ्याव्यात, प्रत्येक कयाकमध्ये एक, जलरोधक पिशवीत.

व्हिसा, विमा आणि तिकिटे यांच्याबद्दल सांगण्यासारखे काही नाही. जूनोला रस्त्याने जाता येत नाही, विमानाने किंवा जहाजाने जावे लागते, एवढे लक्षात असू द्यावे. वल्हवण्याचा अनुभव नसेल किंवा लहान मुले बरोबर असतील तर जूनोहून पाण्यावर उतरणाऱ्या छोट्या विमानाने जावे. अर्ध्या तासात पोहोचता येते आणि त्यात कमीपणा काहीच नाही. अस्वले तीच असतात.

अस्वलांसाठीचा तिखट फवारा जूनोतच विकत घ्यावा, कारण प्रवासी विमानात तो हाती किंवा सामानात कुठेच नेता येत नाही. गॅसच्या डब्यांचेही तसेच. छोट्या विमानाने जाणार असाल तर फवारा जवळ आहे हे वैमानिकाला आधी सांगावे, म्हणजे वैमानिक तो केबिनच्या बाहेर ठेवतो. फवारा कमरेला लावावा. पिशवीच्या तळाशी असलेला फवारा नसल्यासारखाच आहे. वापरण्याची मुदत डब्यावर पाहावी.

कयाकबरोबर जीवरक्षक जाकीट, स्प्रे स्कर्ट (कयाकमध्ये पाणी शिरू न देणारे कमरेचे आवरण), पाणी उपसायचा पंप आणि एक जादा वल्हे हवेच. समुद्राचे पाणी उन्हाळ्यातही अतिशय थंड असते आणि उलटलेला माणूस काही मिनिटांतच हातापायांची ताकद गमावू लागतो, म्हणून ड्राय सूट (अंगाला पाणी लागू न देणारा पोशाख) किंवा निदान वेट सूट (भिजला तरी ऊब धरणारा) भाड्याने घ्यावा, हवा कितीही उबदार वाटली तरी. व्हीएचएफ रेडिओ, म्हणजे बोटींशी बोलायचा बिनतारी संच, घ्यावा. आणीबाणीची हाक १६ क्रमांकाच्या चॅनेलवर द्यायची असते, आणि आमची कयाक परत मिळाली ती या एका वस्तूमुळे. हवामानाची वार्ताही त्यावरच ऐकता येते आणि ती रोज सकाळी, निघण्याआधी ऐकावी. उपग्रहावरून संदेश पाठवणारे यंत्र परवडत असेल तर तेही घ्यावे.

कपड्यांविषयी एवढेच की हे पावसाचे जंगल आहे आणि ऑगस्टमध्ये सलग चार दिवस पाऊस पडू शकतो. सुती कपडे नेऊ नयेत. लोकरीचे थर, पूर्ण रेनकोट आणि गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट न्यावेत. पॅक क्रीकला पाण्यातून आणि चिखलातून चालावे लागते.

जेवणाबाबत आपल्या लोकांना थोडे कडक सांगावे लागेल. सुकट, सोडे, सुके बोंबील नेऊ नयेत. घरून निघताना आईने प्रेमाने दिले असतील तरी नेऊ नयेत. फोडणी करू नये. मसाल्याचा आणि तेलाचा वास कपड्यांत, केसांत आणि तंबूत बसतो आणि अस्वलाचे नाक आपल्या कल्पनेपेक्षा फार लांबचे ओळखते. दडपे पोहे, गरम पाण्यात भिजणारी खिचडी, सुका मेवा, लाडू पुरेसे होतात. शिजवण्याची जागा तंबूपासून किमान १०० पावले दूर ठेवावी, आणि शक्य असेल तर भरतीच्या पट्ट्यात शिजवावे म्हणजे सांडलेले समुद्र धुऊन नेतो. तेही अर्थात पाणी कधी येणार हे वेळापत्रकात पाहूनच. सगळे अन्न, तसेच टूथपेस्ट, साबण, तेल आणि औषधे, अस्वलाला उघडता न येणाऱ्या डब्यात जावे. विंडफॉल बेटावर राहायची परवानगी असते, पॅक क्रीकवर नसते, पण विंडफॉल हे वेगळे बेट आहे म्हणून तिथे अस्वल येणार नाही असे समजू नये. ही अस्वले उत्तम पोहतात.

पॅक क्रीकला सकाळी ९ ते रात्री ९ या वेळातच जाता येते. दक्षिणेकडच्या किनाऱ्यावर रेंजर भेटतात आणि परवाना पाहतात. अन्न जवळ ठेवून अस्वलांच्या जागी जाता येत नाही आणि ते कुठे ठेवायचे हे रेंजर सांगतात. ते सांगतील तसेच करावे. इथली अस्वले माणसांकडे फारसे लक्ष देत नाहीत, कारण इथे येणाऱ्या माणसांकडून त्यांना ना अन्न मिळते ना इजा होते, आणि कोणा एकाच्या पिशवीतले एक बिस्किट हे सगळे बिघडवू शकते. स्टॅन प्राइस नावाचे गृहस्थ या ओढ्याकाठी दशकानुदशके अस्वलांच्या शेजारी राहिले आणि हे अभयारण्य आज त्यांच्याच नावाने ओळखले जाते. त्यांच्यासारखी ओळख एका दिवसाच्या पाहुण्याला होत नाही, म्हणून ठरवून दिलेल्या जागेवर, गटाने, शांत बसावे.

किनाऱ्यावर उतरताच पहिले काम म्हणजे कयाकची सोय. ओढ्याच्या मुखापाशी किनारा फार सपाट आहे. तुम्ही मनोऱ्यावर तीन तास घालवाल तेवढ्या वेळात कयाक एकतर पाण्यापासून पाव मैल दूर चिखलात पडलेली असेल किंवा तरंगत निघालेली असेल. कोणत्या वेळी निघणार आहात आणि तेव्हा पाणी चढते असेल की उतरते, हे उतरण्याआधी वेळापत्रकात पाहावे आणि त्याप्रमाणे रेंजरला विचारून ती बांधावी. चढत्या पाण्याबरोबर सॅमन ओढ्यात शिरतात, त्यामुळे अस्वलांची लगबगही त्या वेळी जास्त असू शकते. तेव्हा हा हिशोब अस्वले पाहण्यासाठीही उपयोगी पडतो.

कयाकमधून पाहत असाल तर किनाऱ्यावरच्या अस्वलापासून निदान १०० मीटर दूर राहावे आणि मादी व पिले यांच्या मधल्या पाण्यात कधीही जाऊ नये. अस्वल चरायचे थांबून तुमच्याकडे पाहू लागले, वारंवार जांभई देऊ लागले किंवा त्याच्या तोंडातून लाळ गळू लागली, तर ते तुमच्यामुळे अस्वस्थ झाले आहे असे समजून मागे वल्हवावे. छायाचित्रासाठी आणखी जवळ जाऊ नये. मोठी लेन्स घ्या किंवा दुर्बिणीवर समाधान माना. ड्रोन घरी ठेवावा.

परतीसाठी एक दिवस हातचा राखून ठेवावा, कारण स्टीफन्स पॅसेज वाऱ्याने बंद झाला तर थांबण्यावाचून इलाज नसतो, आणि जूनोहून पुढचे तिकीट त्याच संध्याकाळचे काढलेले असले की माणूस नको तो धोका पत्करतो. जादा अन्न दोन दिवसांचे. ओले कपडे वेगळ्या पिशवीत. उरलेला फवारा विमानात नेता येणार नाही, तो जूनोत कयाकच्या दुकानात देऊन यावा. ट्रॉलीवरून परत येताना ऑलिव्हर इनलेटला पुन्हा भरतीच लागते. परतीच्या त्या दिवसाचीही भरती, तास आणि फूट दोन्ही, जूनो सोडण्याआधी छापील कागदावर खूण करून ठेवावी.