केंद्र सरकारचं टेंडर भरताय? आधी कन्सायनीचा तक्ता उघडा

जेमवर, म्हणजे सरकारी खरेदीच्या ऑनलाइन पोर्टलवर, एखादं बिड आवडलं, की पीडीएफ थेट खाली ओढत न्या आणि कन्सायनीचा, म्हणजे माल ताब्यात घेणाऱ्याचा, तक्ता वाचा. माल कुठे उतरवायचा ते तिथे असतं, बिडच्या पहिल्या पानावर नाही. गेल्या वेळी स्टील लॉकरच्या टेंडरला आम्ही खरेदीचं ऑफिस पुण्यात आहे म्हणून भाडं पुण्याचं धरलं आणि हा तक्ता दर टाकून झाल्यावर पाहिला. पुन्हा भरायला बसलोय, म्हणून ही यादी.

पॅन, जीएसटी, बँक खातं, तीन वर्षांचे रिटर्न: असतीलच. ज्याच्या नावाने जेमचं खातं आहे त्याचा आधारला जोडलेला मोबाइल चालू हवा आणि तो माणूस बिडच्या दिवशी हाताशी हवा.

उद्यम प्रमाणपत्र, म्हणजे लघुउद्योग नोंदणीचा कागद, मात्र आजच बाहेर काढा आणि मुख्य व्यवसायाचा रकाना बघा. तिथे ‘ट्रेडिंग’ लिहिलं असेल तर २०१२ च्या सार्वजनिक खरेदी धोरणातलं काहीच तुम्हाला मिळणार नाही, ना ईएमडीची (बिडसोबत भरायच्या अनामत रकमेची) माफी, ना दरातलं प्राधान्य. ही सवलत उत्पादकाला आणि सेवा देणाऱ्याला आहे, व्यापाऱ्याला नाही. स्वतःच्या शेडमध्ये पत्रा कापून, वाकवून, वेल्डिंग करून माल बनवणाऱ्यांच्या कागदावरही हे चुकलेलं असतं, कारण नोंदणी करताना कुणीतरी घाईत तो पर्याय निवडलेला असतो. दुरुस्ती उद्यमच्या पोर्टलवर फुकट होते. एजंटला एक रुपयाही देऊ नका.

या धोरणाचा हक्काने फायदा घ्या. केंद्राच्या खात्यांनी आणि सरकारी कंपन्यांनी वर्षाच्या खरेदीतली किमान २५ टक्के सूक्ष्म आणि लघु उद्योगांकडून करायची आहे, त्यात ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या आणि ३ टक्के महिलांच्या उद्योगांकडून. एल-वन, म्हणजे सगळ्यात कमी दर देणारी, मोठी कंपनी असेल आणि तुमचा दर तिच्यापेक्षा १५ टक्क्यांच्या आत जास्त असेल, तर तिच्या दराला उतरून कामाचा वाटा घेण्याची संधी तुम्हाला मिळते. पण त्या दराला उतरायचं की नाही हे भाडं धरून ठरवायचं. भाडं कन्सायनीवर ठरतं. म्हणून परत तोच तक्ता.

आपल्या भागातलं काम हवं असेल तर जेमच्या बिड शोधात कन्सायनीच्या ठिकाणावरून शोधायची सोय आहे, ती वापरा. रेल्वेची बरीच टेंडरं तिच्या आयआरईपीएस या पोर्टलवर निघतात, इतर खात्यांची काही केंद्राच्या सीपीपी पोर्टलवर. तिथे क्लास थ्री डिजिटल सही लागते. तिची मुदत आणि ती सही ज्यात असते ते यूएसबी टोकन कॉम्प्युटरवर चालतंय का, हे आठवडाभर आधी तपासा. संरक्षण खात्याच्या कंपन्याच बघा: म्युनिशन्स इंडियाचं मुख्यालय पुण्यात आहे, यंत्र इंडियाचं नागपूरला, विमानं बनवणाऱ्या एचएएलचा कारखाना ओझरला. दारात इतकं मोठं गिऱ्हाईक आहे, मग आपण का मागे राहायचं? फक्त एवढं धरून चाला, की ऑफिस जवळ आहे म्हणून माल जवळच उतरेल असं नाही.

आता तो तक्ता. अधिकाऱ्याचं नाव आणि पत्ता चांदण्यांनी झाकलेला असतो, शहराचं नाव तेवढं उघडं. शेजारी नग आणि किती दिवसांत पोचवायचे ते. पुण्याच्या खाली जोधपूर असू शकतं, तेजपूर असू शकतं, लेह असू शकतं, तेही पाच-दहा नगांसाठी. प्रत्येक ओळीसाठी ट्रान्सपोर्टवाल्याकडून वेगळा भाव घ्या, लेखी घ्या. लॉकर, कपाटं, रॅक हा पोकळ माल आहे, ट्रक वजनाआधी जागेने भरतो. टनाच्या हिशोबाने भाडं धरलंत तर फसाल. थोडे नग पार्ट लोडने गेले तर माल वाटेत दोन-तीनदा उतरतो-चढतो, म्हणून पॅकिंग जाड लागतं, त्याचाही खर्च धरा. हमाली धरा. लेहची ओळ हिवाळ्यात आली तर दिलेल्या दिवसांत रस्ता उघडा असेल का, ते आधी विचारा. जेमवरचा दर जीएसटी, पॅकिंग, भाडं सगळं धरून कन्सायनीच्या दारापर्यंतचा असतो. नंतर एक पैसा वेगळा मागता येत नाही.

आणि ईएमडी माफ आहे म्हणून जोखीम माफ आहे असं समजू नका. एल-वन येऊन मागे फिरलात तर खातं निलंबित होऊ शकतं. माल उशिरा पोचला तर दर आठवड्याला अर्धा टक्का कापतात, १० टक्क्यांपर्यंत. बारीक मार्जिनवर काम करणाऱ्याचा नफा त्यातच जातो.

बाकी कागद. उलाढालीचं सीएचं प्रमाणपत्र यूडीआयएनसह (सीए प्रत्येक प्रमाणपत्रावर टाकतो तो पडताळणी क्रमांक). मेक इन इंडियाचं स्वघोषणापत्र, त्यात स्थानिक वाटा किती टक्के आणि ते काम कुठे होतं हे दोन्ही लिहा. क्लास वन पुरवठादार व्हायला ५० टक्के किंवा जास्त लागतो. खरेदीदाराने जोडलेल्या जादा अटी, म्हणजे एटीसी, ओळन् ओळ वाचा. नमुना आधी द्यायचा, टेस्ट रिपोर्ट अमुक लॅबचाच, असलं सगळं तिथे दडलेलं असतं. कॉरिजेंडम (बिडचं दुरुस्तीपत्रक) निघाला का ते शेवटच्या दिवशी पुन्हा बघा, कारण त्यात कन्सायनीही बदलतात. हो, कन्सायनीही.

बिड आदल्या दिवशी अपलोड करा. टेक्निकल बिड, म्हणजे कागदपत्रांचा भाग, उघडल्यावर रोज लॉगिन करा, खुलासा मागितला तर मुदत दोन-तीन दिवसांचीच असते. रिव्हर्स ऑक्शन (दर उतरवत जायचा ऑनलाइन लिलाव) असेल तर शेवटचा दर भाड्यासकट आधी कागदावर लिहा आणि त्याखाली जाऊ नका, समोरचा कितीही उतरो. ऑर्डर आली की प्रत्येक कन्सायनीला फोन, उतरवण्याची वेळ पक्की. पोचपावतीवर सही-शिक्का घ्या, सीआरएसी, म्हणजे कन्सायनीने माल स्वीकारल्याचं प्रमाणपत्र, निघेपर्यंत पाठपुरावा करा. माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांत पैसे मिळाले नाहीत तर एमएसएमई कायद्याप्रमाणे बँक दराच्या तिप्पट व्याज लागतं. थकलेल्या पैशांसाठी एमएसएमई मंत्रालयाच्या पोर्टलवर अर्ज करा.